पडद्यामागून दिसलेला तीळ

आमच्या निपाणीच्या घरी पाहुणा आला की आधी शिंकायचा आणि मग 'जय जिनेंद्र' म्हणायचा. घराला लागूनच आमची तंबाखूची वखार. दिवसभर तिथं बायका तंबाखू चाळायच्या आणि ती धूळ भिंतीला न जुमानता सोप्यातून थेट सैपाकघरात यायची. आम्हा घरच्यांना तिची सवय झालेली. आप्पा, म्हणजे माझे वडील, पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून खाली बघत चालायचे आणि स्वतः तंबाखूची चिमूट कधी तोंडात टाकत नसत. व्यसन धर्माला वर्ज्य. दुसऱ्यानं टाकलेली मात्र चालायची, तिच्यावरच तर आमच्या ताटातली भाकरी यायची. लहानपणी मी एकदा त्यांना हे विचारलं होतं. त्यांनी मला बस्तीत, म्हणजे आमच्या देवळात नेलं आणि अर्धा तास डोळे मिटून बसायला लावलं. 

जेवणं दिवस मावळायच्या आत. कांदा नाही, लसूण नाही, जमिनीखाली वाढलेलं काही म्हणजे काही नाही. तरी आईच्या हातची डाळीची आमटी अशी व्हायची की काकी तिसरी भाकरी मोडताना स्वतःलाच शिव्या द्यायची. कारळ्याची चटणी, ताक, सणाला गव्हाची हुग्गी, म्हणजे खीर. प्यायचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळल्याशिवाय कुणाच्या घशाखाली उतरायचं नाही. ते गाळणं धुऊन वाळत घालायचं काम माझं होतं, आणि त्यात कसूर झाली तर आई मला पाप-पुण्याचा सगळा पाढा ऐकवायची. इतकं जपून पाणी पिणारी आम्ही माणसं, बातमी मात्र कधी गाळून घेतली नाही. ती आली तशी गिळायची आणि शेजारणीला एक घोट द्यायचा.

आता माझी थोरली बहीण राजमती, आम्ही तिला आक्का म्हणायचो. आमच्या पुराणातल्या राजमतीच्या दारातून नवरदेव माघारी गेला, वैरागी झाला, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक. तरी आप्पांनी हौसेनं तेच नाव ठेवलं. आक्का उंच, हसरी, आणि तिच्या उजव्या गालावर, ओठाच्या कोपऱ्याशी, चांगला उडदाएवढा तीळ. "देवानंच तीट लावून धाडलीया, आपल्याला काम न्हाय," असं काकी म्हणायची. तिचं लग्न बेळगावच्या एका व्यापाऱ्याच्या घरी ठरलं होतं. साखरपुडा झाला त्या दिवशी नवऱ्या मुलानं सगळ्या वडीलधाऱ्यांच्या देखत "हुग्गी अजून थोडी मिळंल का?" असं विचारलं, आणि त्याच्या बापानं डोळे वटारले तरी वाटी पुढं केली. तेवढ्यावर आक्का खूश होती. माझ्या कानात म्हणाली, "रत्ने, माणूस लाजत न्हाय बघ मागायला. बरा हाय." दोघांचं एकमेकांशी एक अक्षर बोलणं झालं नव्हतं, पण त्या काळच्या मानानं तिची ओळख भरपूर झाली होती. पुढचे दोन महिने ती तोरणाला मणी ओवताना एकटीच हसायची आणि मी विचारलं की मण्यांची वाटी माझ्याकडं सरकवून म्हणायची, "गप ओव."

अशात गावाबाहेरच्या माळावर सिनेमाचा तंबू आला. मुका सिनेमा, माणसं तोंडं हलवायची, आवाज नाही. पडद्याशेजारी एक मास्तर हातात काठी घेऊन उभा असायचा. चित्रांच्या मधे पाटीवरची अक्षरं आली की तो ती मोठ्यानं वाचायचा, मग त्याचंच कानडी करून सांगायचा, आणि दोन्हींत स्वतःच्या पदरचं इतकं घालायचा की मूळ पाटी कुठली आणि मास्तर कुठला हे कुणाला कळायचं नाही. बायकांनी तंबूत बसायचं कुठं, हा मोठाच प्रश्न होता. पुरुषांत बसणं शक्य नाही, आणि सोडून दिलं तर अर्धं गाव घटलं. तंबूवाला हुशार. त्यानं पडदा तंबूच्या ऐन मध्यावर बांधला. पुढून पुरुष, मागून बायका, आणि मधे सारखं पाणी मारून ओलं केलेलं पांढरं कापड, म्हणजे चित्र त्यातून आरपार उमटावं. खेळाआधी एक गडी झारी घेऊन पडदा शिंपायचा, आमच्या बाजूला ते पाणी पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्यांच्या डोक्यावर ठिबकायचं आणि त्या तंबूवाल्याच्या खानदानाचा उद्धार करायच्या. अब्रू अशी पडद्याआड सुखरूप राहिली.

पाटीवरची अक्षरं आमच्या बाजूनं उलटी दिसायची. त्याचं कुणालाच काही नव्हतं, कारण आमच्यातल्या दोघी-तिघी सोडल्या तर कुणाला सुलटीही वाचता येत नव्हती. पण दुसरी एक गोष्ट बायकांच्या लगेच ध्यानात आली. सिनेमातली माणसं झाडून सगळी डाव्या हातानं जेवत होती. भटजी डाव्या हातानं अक्षता टाकत होता. नायिकेची नथ उजव्या नाकपुडीत. "अय्यो, काय ही रीत!" आमची काकी कपाळावर हात मारून म्हणाली, "कंपनीवाल्यांनी जात तर सोडलीच, हातबी सोडला व्हय?" शेजारची म्हणाली, "त्यांच्यात तसंच असतंय. नाटक-सिनेमाची माणसं सगळी डावरी." झालं. निपाणीच्या समस्त स्त्रीवर्गानं एकमतानं ठरवलं की सिनेमातली माणसं जातीचीच डावरी आणि म्हणूनच ती सिनेमात जातात. मीही मान डोलावली. मला चार इयत्ता शिकवल्या होत्या, तरी डोलावली.

खेळाचं नाव 'सती'नं सुरू होणारं काहीतरी होतं. तेव्हा सगळ्याच खेळांची नावं तशी. गोष्ट अशी, की एका गुणी सुनेच्या पेटीत तिचा दुष्ट दीर सासूचा हार लपवतो आणि तिच्यावर चोरीचा आळ घेतो. ती रडते, हात जोडते, तोंड हलवते, पण कुणी ऐकत नाही. सगळं गाव तिला वेशीपर्यंत हाकलत नेतं. मग रानावनात हाल, आणि शेवटी दिरावर वीज पडते, मरता मरता तो सगळं कबूल करतो आणि तेच गाव तिच्या पाया पडतं. दीर बरोबर वेळेवर मरतो, मरायच्या आधी सविस्तर बोलतोही. आज आमच्या घरी टीव्हीवर रोज संध्याकाळी हीच गोष्ट चालू असते, फक्त एका हारापायी तीन महिने जातात आणि वीज काही पडत नाही. माझ्या नातसुना डोळ्याला पदर लावतात. मी त्यांना म्हणते, रडा बायांनो, रडून घ्या; रडलं की माणसाला आपण चांगले आहोत असं वाटतं.

तर त्या संध्याकाळी दिवेलागणीच्या खेळाला आई, काकी आणि मी पडद्यामागं बसलो होतो. लग्न ठरलेली पोरगी तंबूत न्यायची नाही म्हणून आक्का घरी. आमच्या मागच्याच रांगेत ताराक्का होती, नवऱ्या मुलाची मावशी, निपाणीतच दिलेली. या बाईचा एक कान आणि एक तोंड अशी दोन्ही सरळ बेळगावला जोडलेली होती. सुनेला वेशीकडं हाकलायचा प्रसंग आला. हा प्रसंग, गावात सगळे सांगत होते, सिनेमाच्या कंपनीनं आदल्या वर्षी आमच्याच मुलखात, वेदगंगेच्या काठी येऊन घेतला होता आणि बघायला जमलेल्या माणसांनाच गर्दीत उभं केलं होतं. चारी बाजूंनी बायका हुंदके देत होत्या. काकीनं माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली. आणि गर्दीत एकदम एक बाई पुढं आली, अगदी जवळ, पडदाभर. डोक्यावरचा पदर घसरलेला, खदाखदा हसतेय, एका मिशाळ गड्याचा हात तिच्या खांद्यावर. आणि तिच्या उजव्या गालावर, ओठाच्या कोपऱ्याशी, उडदाएवढा तीळ.

मी गुडघ्यावर उभी राहिले आणि बोट करून ओरडले, "अगं बया! आमची आक्का!"

हे मी ओरडले. काकी नाही, ताराक्का नाही. लोकांच्या जिभेविषयी मी आयुष्यभर खूप बोलले, म्हणून हे आधी लिहून ठेवते. आईनं माझ्या तोंडावर हात दाबला, पण तोवर मागून ताराक्काचा आवाज आला, "व्हय की! तीच की! तीळ बघा की!" आणि सगळ्या बायका, ज्या क्षणापूर्वी एका निरपराध बाईवरच्या आळासाठी ऊर फोडून रडत होत्या, त्या डोळे पुसून माना उंचावून बघायला लागल्या. डोळे पुसणं गरजेचं होतं, नाहीतर तीळ नीट दिसला नसता.

आदल्या वर्षी आक्का त्या काठच्या गावाला खरंच गेली होती, आत्याच्या बाळंतपणाला. त्यामुळं शंकेला जागाच उरली नाही. सिनेमात काम करणं म्हणजे त्या वेळी काय होतं ते आता कुणाला सांगून कळणार नाही. चांगल्या घरच्या बाईनं ते नाव घेतलं तरी चूळ भरावी अशी पद्धत. घरी पोचलो तर बातमी आमच्या आधी पोचलेली. आप्पा सोप्यात बसले होते. आक्का दारात, हातात तेच मण्यांचं तोरण.

"ती मी न्हवं," आक्का म्हणाली. "आप्पा, मी आत्याचं बाळंतपण करत हुते. बारा दिस खोलीचा उंबरा वलांडला न्हाय. कंपनी आल्याली मला दुसऱ्याकडनं कळलं."

"धा बायकांनी बघितलंय," आप्पा खाली बघूनच म्हणाले. मुंगी काही नव्हती तिथं. "तुझ्या सख्ख्या भैनीनं वळखलंय."

"आत्याला विचारा."

"आत्या काय तुझ्याविरुद्ध सांगणार हाय?"

"मग बस्तीत येते. देवापुढं शपथ घेते."

"शपथ घ्यायची पाळी आली, तिथंच सगळं आलं की गं."

न्यायाची ही रीत फार सोयीची. साक्षीदार तिच्या बाजूचा, म्हणून खोटा. शपथ घेते म्हणाली, म्हणजे पाणी मुरतंय. गप्प बसली असती तर कबूल झाली असती. आक्कानं तिघांच्या तोंडाकडं आळीपाळीनं बघितलं. आई पदरानं नाक पुसत होती, धुळीनं की कशानं कोण जाणे. काकी म्हणाली, "म्या तवाच म्हटलं हुतं, राजमती नाव ठिवू नका." आक्का आत गेली आणि तोरण खुंटीला लावलं. त्यानंतर आठ दिवस ती मला "गप ओव" म्हणाली नाही. आम्ही दोघी एकाच वाकळेवर निजायचो. ती भिंतीकडं तोंड करायची, मी दाराकडं.

चौथ्या दिवशी बेळगावहून पत्र आलं. अक्षर सुंदर, भाषा त्याहून सुंदर. 'चि. मुलीची प्रकृती अस्वस्थ असल्याचे कानी आले. तरी तिला पूर्ण आराम द्यावा. कार्याची घाई आम्हांस नाही.' आक्का त्या वेळी अंगणात दोन घागरी घेऊन उभी होती, प्रकृती ठणठणीत. आप्पांनी पत्र मोठ्यानं वाचलं आणि घडी करून पगडीखाली ठेवलं. तिनं एक घागर खाली ठेवली, दुसरी ठेवली, आणि ती पाठमोरीच उभी राहिली. तिचे खांदे हलले. माझी आक्का रडताना आवाज करायची नाही.

तंबूवाल्याचं मात्र भाग्य उजळलं. दर तीन दिवसांनी खेळ बदलायचा तो बदलेना, कारण निपाणीची पोरगी पडद्यावर बघायला अख्खा मुलूख लोटला. चिकोडीकडून गाड्या जुंपून लोक आले. मास्तरनं आपल्या बोलण्यात भर घातली: "आणि मंडळी, ही गर्दीतली बाई कोण? वळखा बघू!" पुरुषांच्या बाजूनं शिट्ट्या. त्या पुरुषांना पडद्याची सुलटी बाजू दिसत होती, पण त्यांच्यातल्या एकानंही आमच्या आक्काला कधी तोंड वर करून बघितलं नव्हतं. परक्या पोरीच्या कुठल्या गालावर काय आहे हे सांगणार कोण आणि कुठल्या तोंडानं? तेव्हा तेही बायकांनी सांगितलं ते मानून शिट्ट्या मारत होते. सुनेवरचा आळ बघून रडायचं, बाहेर येऊन आमच्या दारावरून जाताना खाकरायचं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा रडायला जायचं, असा सगळ्यांचा नेम झाला.

सातव्या दिवशी दुपारी वखारीतून आप्पांचा ओरडा ऐकू आला. आमच्या मालावर पोपट छाप असायचा. पत्र्याच्या तुकड्यात आप्पांचं नाव आणि वर पोपट कोरलेला. तो पत्रा पोत्यावर धरायचा आणि वरून काळा रंग फासायचा. हे काम मलगोंडा हमालाचं. आमच्या घरात काय चाललंय याकडं कान लावून बसल्यामुळं त्यानं पत्राच पालथा धरला आणि आठ-दहा पोती रंगवून मोकळा झाला. मी धावत गेले. पोत्यांवर नाव उलटं उमटलं होतं, तंबूतल्या पाट्यांसारखंच. पण मी बघत राहिले ते पोपटाकडं. आमचा पोपट जन्मभर उजवीकडं बघत आलेला. तो डावीकडं बघत होता.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? खरंच काही नाही. अक्षरं उलटी दिसतात हे तंबूतल्या सगळ्या बायकांना माहीत होतं. पण अक्षरं उलटी तर माणसंही उलटी, हे शंभर बायकांत एकीच्याही डोक्यात आलं नव्हतं. त्यापेक्षा सगळी दुनिया डावरी आहे हे मानणं आम्हाला सोपं गेलं. मी तिथंच, मलगोंडा शिव्या खात असताना, उजवा हात वर केला, मग डावा वर केला. त्या बाईचा तीळ आम्हाला उजव्या गालावर दिसला, म्हणजे तो डाव्या गालावर होता.

मी सैपाकघरातून पाण्याचं गाळणं ओढलं, चुलीतला कोळसा घेतला आणि आप्पांच्या पुढ्यात बसकण मारली. ओल्या फडक्यावर एक तोंड काढलं. नाक, डोळे, आणि डाव्या गालावर तीळ. "हे म्होरनं," मी म्हटलं. मग फडकं उजेडाकडं धरून त्यांना पलीकडून बघायला लावलं. "आणि हे आमच्याकडनं. आप्पा, आम्ही मागं बसलो हुतो. आमच्याकडनं सगळं उलटं दिसतंय. ती बाई डाव्या गालाची हाय." आई दारात आली होती. एरवी गाळण्याला कोळसा लागला म्हणून तिनं माझी चामडी लोळवली असती. त्या दिवशी तिनं भिंतीला हात टेकला आणि खाली बसली. आप्पांनी फडकं इकडून बघितलं, तिकडून बघितलं, पुन्हा इकडून बघितलं. मग पगडी चढवली आणि बेळगावच्या सर्व्हिस मोटारीला जाऊन उभे राहिले. आक्का मागच्या परड्यात कपडे धूत होती. तिला सांगायला कुणी गेलं नाही. आधी खातरी तर होऊ दे, असं काकी म्हणाली.

दुसऱ्या संध्याकाळी आमचे व्याही आप्पांबरोबर आले. बाजारचं काम होतं, सहज डोकावलो, असं त्यांनी वाटेत भेटेल त्याला सांगितलं. ज्या आप्पांनी सिनेमाला जन्मभर पाप म्हटलं, ते पहिल्या रांगेत खुर्चीवर बसले, पाठ ताठ, हात गुडघ्यावर. ताराक्कालाही समोरूनच बघायला हवं होतं, पण पुरुषांत बसणार कशी? तंबूवाल्यानं तिच्यासाठी कडेला एक स्टूल ठेवलं आणि पुरुषांच्या बाजूला छत्री उघडून धरली. छत्री धरायला मी. अशी ताराक्का आयुष्यात पहिल्यांदा पडद्याच्या पुढं आली, आणि सिनेमातल्या सुनेनं उजव्या हातानं घास घेतला तेव्हा दचकून म्हणाली, "अगं, हे उजवं की गं!" मी म्हटलं, "व्हय. शिकली आता."

वेशीचा प्रसंग आला. एरवी या जागी तंबूभर नाक ओढायचा आवाज असायचा. त्या दिवशी हूं की चूं नाही. सगळ्यांना खबर लागलेली. ती बिचारी सून पडद्यावर धुळीत पडली, हात जोडले, ऊर बडवला, पण तिच्याकडं बघायला कुणाला सवड नव्हती. सगळे तिच्या डोक्यावरून गर्दीत तीळ शोधत होते. आणि ती मिशाळ गड्याची बाई आली. मास्तरनं काठी पडद्यावर आपटली. "बघा मंडळी! नोड्री, नोड्री! कुठल्या गालावर हाय?" पुरुष एका आवाजात ओरडले, "डाव्या! डाव्या!" त्यापाठोपाठ तेच कानडीतून आलं, "एडगडे!" पडद्यापलीकडून बायका ओरडल्या, "उजव्या!" आणि दोन्हीकडं एकदम हशा पिकला. समोरून तर ती बाई आक्कासारखी दिसतही नव्हती. चांगली तिशीतली, रुंद जबड्याची, पुढचे दात वेडेवाकडे. ओल्या कापडातून मागून सगळ्यांचीच तोंडं मऊ दिसायची, हे मला तेव्हा कळलं.

व्याह्यांनी उपरणं झटकलं आणि म्हणाले, "मग काय, झालं तर! आमच्या मनात कायच न्हवतं, पर लोकांचं तोंड बंद व्हायला पायजे." ताराक्का म्हणाली, "मला तर पैल्यापासनंच शंका हुती, आमची राजमती न्हवंच म्हणून." आप्पांनी चष्मा काढून पुसला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. निर्दोषत्व सिद्ध झालं होतं, तेही वीज न पडता.

दुसऱ्या दिवशी आमच्या घरी हुग्गी शिजली. व्याही, ताराक्का, बेळगावहून सकाळच्याच मोटारीनं आलेले मांडे, नारळ, हिरवी साडी. सगळे शिंकत होते आणि हसत होते. ज्या बायका आठवडाभर आमच्या दारावरून खाकरत गेल्या, त्या आत येऊन आईला कामाला हात लावत होत्या. आप्पांनी हाक मारली, "राजमती, ये गं बाळ, पाटावर बस." बाळ! आठ दिवसांत तिला कुणी नावानंही हाक मारली नव्हती.

आक्का आली. डोक्यावर पदर, हात कोरडे पुसलेले. पाटाशी आली आणि उभीच राहिली.

"आप्पा, एक विचारू?"

"विचार की."

"त्या बाईचा तीळ उजव्या गालावर निघाला असता, तर?"

आप्पा हसले. म्हणाले, "पर निघालाच न्हाय न्हवं?"

"निघाला असता तर? मी तर हितंच हुते. ह्याच घरात. हेच सांगत हुते."

व्याह्यांनी घसा साफ केला. ताराक्का मांड्यांवरचं फडकं नीट करायला लागली. आप्पा पाटाकडं बघत राहिले.  मग आक्काच पाटावर बसली आणि ओटीसाठी पदर पसरला. दुसरं काय करणार होती? लग्न झालं, चांगलं झालं. हुग्गी मागून वाटी पुढं करणारा तो माणूस खरंच बरा निघाला आणि बेळगावात तिचा संसार चांगला झाला, असं सगळे म्हणतात. मीही म्हणते.

पण त्या दुपारी, पाहुणे हात धुवायला उठल्यावर, मी परड्यात तिला गाठलं. मला राहवत नव्हतं. आठ दिवसांची शरम एकीकडं आणि माझी हुशारी एकीकडं. मला वाटलं, हुशारीचं पारडं जड झालंय. मी तिच्या कमरेला मिठी मारली आणि म्हटलं, "आक्का, मीच ओरडले, चुकलं माझं. पर मीच शोधून काढलं न्हवं? पोपटावरनं! आप्पांना न्हाय कळलं, कुणालाच न्हाय कळलं."

तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. रागानं नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

"व्हय गं, शोधून काढलंस," ती म्हणाली. "लई शाणी हायेस. पर रत्ने, आठ दिस तू माझ्या शेजारी निजत हुतीस. एकदा तरी कूस बदलून विचारायचं हुतंस, आक्का, तू हुतीस का गं ती?"

मी विचारलं नव्हतं. आज आक्का नाही, आप्पा नाहीत, ताराक्काही नाही. मी मात्र इतकी वर्षं जगले, इतकं बोलले, सगळ्या गावाची उणीदुणी काढली. तिच्या त्या बोलण्यापुढं आज लिहायला बसलेय तरी दुसरं काही सापडत नाही. मी खरंच विचारलं नव्हतं.